रकाना नववा

छापील अर्जात नऊ रकाने.
कुत्रा, मांजर, म्हैस, घोडा... आठवा कोंबड्यांचा,
नववा 'इतर'. इतरसमोर बोटभर जागा.
त्या बोटभर जागेत मला
साडेचार फुटी जनावर बसवायचं होतं.

वनखात्याचा माणूस सकाळीच येऊन गेलेला.
टॉर्च मारून डोळ्यांमधली हाडाची कड पाहिली, म्हणाला,
ही आपली मगर नाही, परदेशी आहे. केमन.
आपली असती तर नेली असती.
आणि हेल्मेट चढवून, हलका होऊन गेला.
उरलो आम्ही : महापालिका, परवाना विभाग,
मी, आणि पंधरा मीटरची टेप.

भद्रावती पेठेतला हा रंगाचा कारखाना
बंद पडून सात वर्षं झाली.
तीन हौद. एक लाल, एक निळा,
तिसऱ्याचा रंग आता कुणाला सांगता येत नाही.
तिसऱ्यात ती. पोटाखालून किंचित जांभळी.
राजमल्लू येमूल कठड्यावर बसून
कोंबडीची आतडी सुताला बांधून सोडतात.
गाठ तीच,
मागावर तुटलेल्या धाग्याला मारायची.

"सुदर्शननं आणलं, हैदराबादहून.
पिशवीत, माशासारखं. एवढं."
त्यांनी तळहात उघडून दाखवला.
"आता तो सुरतेला. ही हितंच."
नाव विचारलं. चिट्टी.
"चिट्टी म्हणजे तेलगूत लहान, साहेब."
मी लिहिलं नाही. नावाला रकाना नाही.

उपविधी वाचून दाखवणं माझं काम.
दुहेरी दार, दोन कुलपं,
एक किल्ली मालकाकडे, एक महापालिकेकडे.
चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती.
पशुवैद्याचा दाखला, दर सहा महिन्यांनी.
(एका म्हशीच्या डॉक्टरला फोन केला. तो बराच वेळ हसला.)
कलम सात : जनावरास रोज ताजे, स्वच्छ पाणी.

इथं गल्लीतले हात थांबले.
मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचे हात,
जे मयताच्या बातमीलाही थांबत नाहीत.
"परत वाचा की," भूदेवी म्हणाली.
वाचलं. रोज. ताजे.
"आमच्या नळाला पाचव्या दिवशी, ते बी रात्री दोनला.
मग आमचं नाव घाला की त्या इतरमदी.
चावलालेत म्हणून लिवा."
सगळ्या हसल्या. मीही हसलो.
सरकारी कामात हसण्याची नोंद होत नाही.

मग वाकून टेप सोडली हौदाच्या कडेनं
आणि दिसली :
पाण्यावर एक निळी चप्पल,
बोटभर.

कुणाची, विचारलं.
कुणी काही बोललं नाही.
मग भूदेवीच, खाली बघत :
"नातवाची. पडली होती.
नुसती चप्पलच पडली."

संमतीचा कागद तिच्या सुपात होता,
तेंदूपत्त्यांवर, अंगठ्यासाठी शाई उघडी.
तिनं विडीचा दोरा कचकन तोडला
आणि कागद तसाच माझ्याकडे सरकवला. कोरा.
राजमल्लूंनी पाहिलं. वाद घातला नाही.
रात्री म्हणे काठीनं त्यांनी चप्पल काढली,
धुतली, तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

तीन प्राणिसंग्रहालयांना पत्रं गेलीत.
एकानं कळवलं, जागा नाही.
दोघांनी अजून काहीच नाही.
तोवर जनावर जागेवर, जाळी महापालिकेची,
कलमाप्रमाणे दोन कुलपं.

म्हणून आता रोज संध्याकाळी सहाला
ऑफिस सुटलं की मी इकडे वळतो.
पहिलं कुलूप ते उघडतात, दुसरं मी.
एकट्याला तिला खाऊ घालता येत नाही, दोघांपैकी कुणालाच.
सुदर्शनचा फोन आला का, मी विचारतो.
ते जाळीचा तार दाबून बघतात, घट्ट आहे का.

काल त्यांनी सूत माझ्या हातात दिलं.
मी मारलेली गाठ पाण्याला लागताच सुटली.
आतडं तळाशी गेलं.
दोन डोळे वर आले, पाण्याला न हलवता,
आणि आम्ही दुसरी गाठ मारेपर्यंत
थांबून राहिले.